कापूर, नवसागर आणि स्फटिकातली चाकं

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार. राहुरी

दुपारी तृतीय वर्षाचं प्रॅक्टिकल चालू असताना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन, ओमार याघी. पोरांनी मोबाइलवर बातमी पाहिली आणि लगेच विचारलं, "मॅडम, मॉफ म्हणजे काय हो?" मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, एवढं सांगून भागणार नव्हतं. बर्नर बंद करायला लावले आणि फळ्यावर चित्र काढलं. धातूच्या अणूंचे कोपरे, कार्बनी रेणूंचे दांडे आणि मधे मोकळी जागा. याघींचं १९९९ सालचं मॉफ-५ घेतलं तर कोपऱ्यात जस्त आणि दांड्याला टेरेफ्थॅलेट. ज्या टेरेफ्थॅलिक आम्लापासून पॉलिएस्टर होतं त्याचाच हा दांडा. वर्गातल्या निम्म्या शर्टांत तो आहे, हे सांगितल्यावर पोरं स्वतःच्या बाह्या बघायला लागली.

उद्याच्या पेपरांत पोकळीबद्दल येईल. वाळवंटाच्या हवेतून पाणी कसं गोळा करतात, कार्बन डायऑक्साइड कसा धरून ठेवतात. यायलाच हवं. मला मात्र दांड्याबद्दल लिहून ठेवायचं आहे. त्या दांड्यातलं बेंझीनचं कडं दोन्ही टोकांना घट्ट बांधलेलं असूनही स्वस्थ नसतं, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने पालटत राहतं. कितागावांच्या गटाने २००६ मध्ये अशा जाळ्यांतलं दांड्यांचं फिरणं दाखवलं. मॉफ-५ मधलं कडं २००८ साली याघी आणि लॉस एंजेलिसचे मिगेल गार्सिया-गारिबाय यांनी मिळून मोजलं. म्हणजे हातात घेतला तर कडक स्फटिक, क्ष-किरणांत पाहिला तर ओळीत उभी रचना, आणि आत कोट्यवधी कडी पालटताहेत.

घनातले कण जागच्या जागी फक्त कंप पावतात, हे वाक्य पोरं सातवी-आठवीपासून पाठ करून येतात. मीठ, लोखंड, हिरा यांच्यापुरतं ते चालून जातं. पण आपल्या घरातल्या कितीतरी घनांबद्दल ते खोटं आहे आणि पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत कुणी ते दुरुस्त करत नाही. या सत्रात मी ते करणार आहे. परदेशातल्या यंत्रांची चित्रं दाखवून काम होणार नाही. पोरांच्या हाताला लागेल अशा वस्तूंपासून सुरुवात करायची.

११ ऑक्टोबर, शनिवार

मळ्यातली पाणबुडी मोटर पुन्हा जळाली. यंदा सप्टेंबरात पावसाने पाथर्डी-शेवगावकडे शेतंच्या शेतं खरवडून नेली, आमच्याकडे निदान जमीन शाबूत राहिली. तेव्हा मोटरीबद्दल कुरकुर करायची नाही असं ठरवलं आहे. वायंडिंगवाल्याकडे गेले तर त्याने मोटर उघडून ठेवली होती. बाहेर स्टेटर, आत रोटर, मधे केसाएवढी फट.

सोमवारी वर्गात हीच मोटर सांगणार. रेणूंच्या चाकालाही तेच तीन भाग लागतात: न हलणारी चौकट, फिरणारा तुकडा आणि दोघांना जोडणारा कणा. चौथी गोष्ट फट, आणि स्फटिकात तीच मिळत नाही. सेंद्रिय रेणू स्फटिकात एकमेकांच्या खाचाखोचांत असे बसतात की साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश जागा भरून जाते. उरलेल्या फटी इतक्या बारीक की शेजारी हलल्याशिवाय कुणाला वळता येत नाही. गार्सिया-गारिबाय यांनी यावर तोड काढली. रेणूच्या दोन टोकांना थोराड, फांद्याफांद्यांचे गट लावायचे. ते एकमेकांवर रेलून बसतात आणि मधली जागा आपोआप राखली जाते. मधे बेंझीनचं कडं, आणि त्याला दोन्हीकडून कार्बनच्या तिहेरी बंधाचा सरळ कणा. तिहेरी बंधाभोवती वळायला जवळजवळ काहीच ऊर्जा लागत नाही. या रेणूंना त्यांनी नाव दिलं रेणवीय जायरोस्कोप. त्यावरचे पहिले निबंध २००२ चे आहेत.

हे गृहस्थ मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांताच्या विद्यापीठात पदवीपर्यंत शिकले. तिथून कॅनडा, मग अमेरिका. राजधानीबाहेरच्या विद्यापीठातून आलेला माणूस एका अख्ख्या विषयाची पायाभरणी करतो, हे मला आमच्या मुलांना सांगायचं आहे आणि जोर देऊन सांगायचं आहे.

एक फरक मात्र आधीच स्पष्ट करायला हवा. रोटर फिरला म्हणून मोटर झाली असं नाही. स्फटिकातलं कडं उष्णतेच्या धक्क्याने कधी इकडे, कधी तिकडे वळतं. त्याला दिशा नसते, त्यामुळे ते कामही करत नाही. एकाच दिशेला फिरणारा रेणू बेन फेरिंगा यांनी १९९९ मध्ये केला, प्रकाशावर चालणारा. २०१६ चं नोबेल सोव्हाज, स्टोडार्ट आणि फेरिंगा यांना मिळालं ते अशा यंत्रांसाठी. पेपरवाले दोन्हींची सरमिसळ करतात.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

नगरला कापडबाजारात गेलो होतो. गर्दीत चालवत नव्हतं. पणत्या, लाह्या-बत्तासे, केरसुणी. सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं, कापूर वड्यांचाच आण, भुकटीचा नको. दोन डब्या घेतल्या, एक देवघराला आणि एक प्रयोगशाळेला.

घरी आल्यावर एक वडी टेबलावर ठेवून नखाने दाबून पाहिली. चुरा होण्याआधी ती किंचित दबते, नखाचा वण उमटतो. बोटावर घेऊन चोळली की मेणचट लागते. शेजारी खडीसाखरेचा खडा ठेवला. त्याला नख लावलं तर नखच दुखतं, आणि बत्त्याने ठेचला तर तुकडे उडतात. आता दोघांचे वितळणबिंदू पाहा. साखरेचा १८६ अंश सेल्सिअसच्या आसपास, तोही करपत करपत. कापराचा १७५ ते १७९ च्या दरम्यान. एवढ्या वर वितळणारा पदार्थ मेणासारखा दबतोच कसा?

कापराचा रेणू जवळजवळ गोल आहे. कार्बनचं कडं, त्यावर आडवा पूल, बाहेर तीन मिथाइल गट आणि एक ऑक्सिजन. गोल असल्यामुळे शेजारी त्याला अडवत नाहीत. स्फटिकात त्याची जागा ठरलेली असते, पण तोंड कुठे करायचं ते ठरलेलं नसतं. आत्ता टेबलावर पडलेल्या या वडीत प्रत्येक रेणू आपल्या जागेवर राहून सतत कूस बदलतो आहे. पार उणे तीस अंशांच्या आसपास गार केलं तेव्हा कुठे रेणू रांगेत तोंड करून उभे राहतात. नगर जिल्ह्याच्या कुठल्याही थंडीत ते व्हायचं नाही. अशा स्फटिकांना प्लास्टिक क्रिस्टल म्हणतात. बेल्जियमच्या जाँ टिमरमान्स यांनी त्यांचा वेगळा वर्ग ओळखला. त्या प्लास्टिकचा पिशवीशी संबंध नाही. दाबलं की आकार बदलतो, एवढाच अर्थ.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कापरासारख्या पदार्थांची विद्युत्-तपासणी झाली होती. कापराच्या रेणूला धन-ऋण टोकं आहेत. उलटसुलट होणारं विद्युत्क्षेत्र लावलं तर द्रवातले असे रेणू क्षेत्राबरोबर वळतात, घनातले अडकून पडतात. घन कापराने द्रवासारखं उत्तर दिलं. गार करत नेला तेव्हा एका तापमानाला ते उत्तर एकदम कोसळलं, म्हणजे रेणू थांबले. हा प्रयोग वाचला त्या दिवसापासून मला कापूर वेगळा दिसतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

आरती झाली. घर पाहुण्यांनी भरलं आहे. लिहायला सवड नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाहुणे गेले. सकाळी मोमीन आखाड्याकडे जाऊन आलो. तिथल्या काळ्या दगडातली पोपटी अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. आपल्याकडे शेजारच्या गावालाही त्याचं अप्रूप नाही. विहीर खोदताना, खाणीत सुरुंग लावताना बेसाल्टच्या पोकळ्या उघड्या पडतात आणि आत हे स्फटिक निघतात. लोक सरसकट सगळ्यांनाच गारगोट्या म्हणतात. ज्यांना नीट मांडलेले पाहायचे आहेत त्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहावं. संगमनेरवरून तासाभराचा रस्ता आहे.

ओळखीच्या शेतकऱ्याने विहिरीच्या मलब्यातला स्टिलबाइटचा एक तुकडा दिला. फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक. म्हणाला, "ताई, ह्याला काय सोनं लागलंय का? घिऊन जा." घरी येऊन त्यातला हरभऱ्याएवढा कण कोरड्या परीक्षानळीत घातला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला. आधी काही नाही. मग कणाच्या कडा पांढरट, अपारदर्शक व्हायला लागल्या, त्याचे थर सुटले, आणि नळीच्या वरच्या गार भागात दव धरलं. थेंब जमून खाली ओघळले. स्टिलबाइटच्या वजनाचा सहावा हिस्सा निव्वळ पाणी असतं. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने फुंकणीच्या ज्वाळेत असाच दगड उकळताना पाहिला आणि त्या जातीला झिओलाइट म्हटलं.

हे पाणी दगडाच्या बारीक पोकळ्यांत एक-एक रेणूने बसलेलं असतं. ते तिथे गोठून राहत नाही. नॅट्रोलाइट नावाच्या झिओलाइटमध्ये पाण्याचा रेणू जागेवरच अर्धा वळसा घेतो, दोन हायड्रोजन एकमेकांची जागा घेतात. खडूच्या जातभाईत, जिप्सममध्येही तेच घडतं. घरं पाडताना निघणाऱ्या प्लास्टरच्या ढिगातसुद्धा. आणि सह्याद्रीच्या दगडात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या पोकळीत वाढलेल्या स्फटिकातही हे चालू आहे. मॉफ हे अशाच पोकळीदार दगडांचं माणसाने मापून केलेलं रूप. नोबेलची बातमी राहुरीच्या मलब्यापर्यंत येऊन पोचते ती अशी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी संपली. आज रास्टची पद्धत केली. जर्मनीच्या कार्ल रास्टने १९२२ मध्ये शोधलेली, अनोळखी पदार्थाचा रेणुभार काढायची. पूर्वी बी.एस्सी.ला सर्रास असायची. आता यंत्रं आली म्हणून अभ्यासक्रमातून बाहेर पडली. मला ती हवी होती ती वेगळ्या कारणासाठी.

कृती लिहून ठेवते, पुढच्या वर्षी कामाला येईल. दहा ग्रॅम कापूर, एक ग्रॅम डांबराच्या गोळीची पूड. डांबराची गोळी खरी नॅफ्थलीनचीच आहे ना ते आधी तिच्या वितळणबिंदूवरून पाहायचं, तो ८० अंश यायला हवा. बंद नळीत दोन्ही एकत्र वितळवून गार करायचं, खलायचं. कॅपिलरी नळीचं एक टोक ज्योतीत बंद करून मिश्रण ठासायचं आणि दुसरं टोकही लगेच बंद करायचं, नाहीतर कापूर उडून जातो. शेजारच्या कॅपिलरीत नुसता कापूर. दोन्ही थर्मामीटरला दोऱ्याने बांधायच्या, थील ट्यूबमध्ये लिक्विड पॅराफिन, आणि बर्नर बाजूच्या दांडीखाली हळू फिरवायचा.

कोपरगावकडून येणारी एक मुलगी थर्मामीटर वाचत होती. १३५ ला काही नाही. १४० च्या पुढे मिश्रणाच्या नळीत ओल दिसली, मग पांढरा पट्टा आतून काचेसारखा झाला. १४५ च्या जवळ शेवटचा कण गेला. ती म्हणाली, "मॅडम, गेलं!" प्रयोगशाळेतल्या मामांनीही स्टूल ओढून पाहिलं. शुद्ध कापूर त्याच तेलात तसाच पांढरा उभा होता, तो वितळायला आणखी जवळजवळ तीस अंश चढावे लागले.

तीस अंश! हाच हिशेब पाण्यात केला, म्हणजे पाण्याच्या एका किलोत तेवढेच रेणू विरघळवले, तर गोठणबिंदू दीड अंशानेही खाली येत नाही. पाण्याचा स्थिरांक १.८६, कापराचा ३८ ते ४० च्या घरात. पुस्तकं हा आकडा देतात आणि पुढे जातात. मी तिथेच थांबले. फळ्यावर नॅफ्थलीन आणि कापूर शेजारी शेजारी मांडले. रेणुभार १२८ आणि १५२, फार फरक नाही. वितळवायला लागणारी उष्णता मात्र एका मोलला १९ किलोज्यूल आणि जेमतेम ७. असं का? नॅफ्थलीनचे चपटे रेणू स्फटिकात तोंड ठरवून बसलेले आहेत. वितळताना त्यांना जागाही सोडायची असते आणि दिशाही. कापराच्या रेणूंनी दिशा कधीच सोडून दिली आहे. वितळताना फक्त जागा सोडायची बाकी असते. उष्णता थोडी लागते म्हणून स्थिरांक मोठा, स्थिरांक मोठा म्हणून तीस अंशांची घसरण. घनाच्या आत रेणू फिरत होते त्याची ही सही आहे, आणि ती वाचायला आपल्याला थर्मामीटर पुरला.

टिमरमान्स यांची कसोटीही हीच: वितळण्याची एन्ट्रॉपी मोलला, केल्विनला साधारण २१ ज्यूलच्या खाली असेल तर तो फिरत्या रेणूंचा स्फटिक समजावा. कापराची १५ येते, नॅफ्थलीनची ५४. पोरांनी गणित वहीत स्वतः केलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर तोंड उघडत नाही, त्याने विचारलं, "मग मॅडम, कापूर घन कशाला म्हणायचा?" जागा ठरलेली आहे म्हणून, असं उत्तर दिलं. घनपणाला जागेची शिस्त लागते, तोंड एकीकडे असलंच पाहिजे असं नाही. बऱ्याच दिवसांनी वर्गातून समाधानाने बाहेर पडले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गळीत हंगाम सुरू झाला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, कोप्यांची पालं. मुलांना साखर कारखान्यात नेलं. प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावं या भागात वेगळी सांगावी लागत नाहीत. पाक उकळायच्या पॅनवर उभं राहून पॅनमनने काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घेऊन दिव्यापुढे धरला. त्यात साखरेचे कण धारदार कडांनी चमकत होते. दाणा बसला का, एवढंच तो पाहतो आणि वाफ किती सोडायची ते ठरवतो. कुठल्याही यंत्राआधी त्याला कळतं.

या साखरेत मात्र चाक नाही. एका साखररेणूवर आठ हायड्रॉक्सिल गट, आणि त्यांनी शेजाऱ्यांचे हात हायड्रोजन बंधांनी पकडलेले. रेणूला कूस बदलता येत नाही. म्हणून तिचा खडा कडक आणि ठिसूळ. नाही म्हणणारं उदाहरणही दाखवावं लागतं, तेव्हा कापराचं म्हणणं पटतं.

येताना गाडीत डाळिंबाच्या बागांवरून विषय निघाला. ठिबकमधून सोडतात ते तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते १२९ अंशांच्या वर तापवलं तर त्यातले नायट्रेटचे त्रिकोण दिशा सोडतात. ज्याच्या घरी पोतं आहे त्याला लगेच वाटलं, आपण करून पाहावं. मी रागावले, नायट्रेट घरी तापवायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

गल्लीत कल्हईवाले चाचा आले होते. दोन-तीन वर्षांनी दिसले. सासूबाईंनी माळ्यावरची पितळी पातेली काढली. चाचांनी जमिनीत खळगा करून भाता लावला, पातेलं निखाऱ्यावर उलटंसुलटं तापवलं, चिमूटभर नवसागर टाकला. पांढरा धूर भसकन वर आला, नाकात झोंबला. लगेच कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने आतून फिरवली. पितळ बघता बघता चांदीसारखं झालं. नवसागर तापला की त्याचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतो, तो धातूवरची जळकी साय खातो आणि कथलाला धरायला स्वच्छ जागा मिळते. चाचांना हे रसायन सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, इतकं माहीत नाही, पण नवसागराशिवाय कथील धरतच नाही."

त्यांच्याकडून पुडीभर नवसागर मागून घेतला. या पुडीवर विसाव्या शतकातल्या मोठ्या माणसांनी वाद घातला आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात नायट्रोजनभोवती चार हायड्रोजन असलेला अमोनियम आयन आहे, आणि उणे तीस अंशांजवळ त्याच्या उष्णताधारकतेत एक उंच टेकाड येतं. १९३० मध्ये लायनस पॉलिंग यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये स्फटिकातल्या रेणूंच्या फिरण्यावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की त्या टेकाडाच्या वर अमोनियम आयन मोकळे गरगरतात. स्फटिकात रेणू फिरतात हा विचार पक्का झाला तो या निबंधामुळे. घन हायड्रोजनबद्दल ते बरोबर निघाले. नवसागराबद्दल पूर्ण बरोबर नव्हते. १९५२ साली लेव्ही आणि पीटरसन यांनी न्यूट्रॉन वापरून पाहिलं तेव्हा कळलं की आयन गरगरत नाही. त्याला बसायच्या दोन दिशा आहेत. टेकाडाच्या खाली सगळे एकाच दिशेत, वर निम्मे या दिशेत, निम्मे त्या. प्रत्येक आयन एकीत बसतो, थरथरतो आणि एकदम उडी मारून दुसरीत जातो.

बसणं आणि उडी, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. फिरणं म्हटलं की पंख्यासारखं अखंड फिरणं डोळ्यांपुढे येतं. बहुतेक स्फटिकांत तसं नसतं. बसण्याचा वेळ लांब, उडीचा वेळ निमिषाचा.

आणि ही उडी आपल्या महाराष्ट्रातही मोजली गेली आहे. ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस. पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून परतले होते. ब्रॉकहाउस यांना पुढे १९९४ मध्ये नोबेल मिळालं. अय्यंगार, जी. व्यंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात अमोनियम क्षारांवर न्यूट्रॉन सोडले. न्यूट्रॉनला हायड्रोजन फार ठळक दिसतो. हलत्या हायड्रोजनवर आपटून न्यूट्रॉन परततो तेव्हा त्याची ऊर्जा किंचित वाढलेली किंवा घटलेली असते, त्या फरकावरून आयन कसा थरथरतो, किती वेगाने वळतो ते काढता येतं. यंत्रं त्यांनी तिथेच बांधली होती. अणुभट्टी म्हटलं की लोकांना वीज आणि बॉम्ब आठवतो. त्या भट्टीच्या भिंतीतल्या भोकातून आलेल्या न्यूट्रॉनांनी कल्हईवाल्याच्या नवसागराच्या जातीच्या क्षारांतले आयन मोजले, हे आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीनेही नाही. याचं मला वाईट वाटतं.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

देवगडला जाऊन आलो. नेवाशाच्या रस्त्यावर मैलभर रांग. परत यायला रात्र झाली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कडाक्याची थंडी आहे. पहाटे शेकोट्या पेटतात. मुलांनी आपणहून विचारलं, गारठवत नेलं तर प्रत्येक चाक कधीतरी थांबतंच का?

प्रत्येकाचा थांबा वेगळा, असं सांगितलं. साठ कार्बनांचा चेंडू, सी-६०, याच्या स्फटिकात उणे १३ अंशांच्या वर रेणू मनसोक्त लोळतात. १९९२ मध्ये आयबीएमच्या मंडळींनी मोजलं तेव्हा दिसलं की तो घन स्फटिकात जितक्या चटकन वळतो तितका द्रावणातही वळत नाही. द्रावणात भोवतालचे रेणू अंगाला घासतात. स्फटिकात शेजारी आपापल्या जागी असतात आणि चेंडू मधल्या मधे फिरतो. हे वाचून मी स्वतः दोनदा आकडे तपासले होते. मॉफमध्ये तर पोकळीच आखून ठेवता येते. गार्सिया-गारिबाय यांनी २०१७ मध्ये केलेल्या जाळीत दांड्यातला गोलसर तुकडा साध्या खोलीच्या तापमानाला सेकंदात ५० अब्ज वेळा फिरतो. २०२० साली मिलानच्या पिएरो सोझ्झानी आणि आंजोलिना कोमोत्ती यांच्या गटाने केलेल्या जस्ताच्या जाळीत चाक २ केल्विनलाही, म्हणजे उणे २७१ अंशांलाही थांबलं नाही.

कळतं कसं? एनएमआरने, म्हणजे चुंबकक्षेत्रात अणुकेंद्रं तपासण्याच्या तंत्राने. स्थिर हायड्रोजनांची रेघ रुंद येते, फिरत्यांची अरुंद. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसवलं तर रेघेच्या आकारावरून अर्धा फेरा की पूर्ण, तेही ओळखता येतं. या तंत्राशी मुंबईचंही नातं आहे. एस. एस. धर्मट्टी स्टॅनफर्डला असताना १९५१ मध्ये अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्याबरोबर त्यांनी अल्कोहोलच्या रेणूतले वेगवेगळे हायड्रोजन वेगवेगळ्या रेघा देतात हे दाखवलं. नंतर ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी या विद्येची सुरुवात केली. मुलांपैकी दोघींनी वहीत नाव लिहून घेतलं.

२० डिसेंबर, शनिवार

उपयोग काय, हा प्रश्न यायचाच होता. एका पालकाने विचारला, दुधाचा धंदा आहे त्यांचा. सरळ उत्तर दिलं.

निओपेंटिल ग्लायकॉल नावाचा एक स्वस्त पदार्थ आहे, रंगांच्या आणि रेझिनच्या कारखान्यांत टनांनी वापरतात. पांढरे स्फटिक. साधारण ४० अंशांपर्यंत त्याचे रेणू तोंड ठरवून बसतात, त्याच्या वर कापरासारखे फिरायला लागतात, आणि हे सगळं न वितळता. फिरायला लागताना भरपूर उष्णता शोषतात. आता त्याच्यावर मोठा दाब द्या, रेणूंचं फिरणं बंद पडतं आणि उष्णता बाहेर येते. ती वाऱ्यावर सोडून द्या आणि दाब काढा. रेणू पुन्हा फिरायला लागतात आणि भोवतालची उष्णता ओढतात. म्हणजे भोवताली थंडावा. २०१९ मध्ये केंब्रिज आणि बार्सिलोनाच्या गटाने आणि स्वतंत्रपणे चीन-जपानच्या गटाने हे दाखवलं. फ्रिजमधला गळका वायू न वापरता, घनाने थंड करण्याची ही वाट आहे. अडचणी आहेत: दाब हजारो वातावरणांइतका लागतो, आणि एकदा बदललेली रचना सहज मागे फिरत नाही. दुधाचा बल्क कूलर उद्या यावर चालणार नाही, हेही त्यांना सांगितलं. पण ज्या जिल्ह्यात दूध, कांदा, डाळिंब उन्हाने खराब होतं तिथल्या मुलांनी हा विषय डोळ्यांआड करू नये असं मला मनापासून वाटतं.

पुण्याच्या पुरवठादाराकडे शंभर ग्रॅमची बाटली मागवली आहे, जानेवारीत येईल म्हणतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४१ पार करतो. त्या दिवसांत बंद नळीत थर्मामीटर घालून दुपारी तापताना आणि रात्री निवताना दर पाच मिनिटांनी नोंद घ्यायची. तापताना रेघ जिथे आडवी होते आणि निवताना जिथे आडवी होते त्या दोन तापमानांत किती अंशांचा फरक पडतो ते काढायचं. मागच्या बाकावरच्या मुलाने रात्रीची पाळी मागून घेतली आहे. वसतिगृहाच्या गच्चीची परवानगी मला काढावी लागेल.